मधुमेही मांजरीला इन्सुलिन द्यायची वेळ झाली की ती पलंगाखाली पळते. इंजेक्शन सोपं कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की नऊ वर्षांची पर्शियन आहे, तीन आठवड्यांपासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन चालू आहे, मिस्टर तिला धरतात, तुम्ही टोचता, आणि आता तुम्ही दोघं एकत्र खोलीत आलात तरी ती पलंगाखाली जाते. आमच्याकडे हेच चालायचं, फक्त पलंगाऐवजी वॉशिंग मशीनच्या मागे. आमचा बोका दगडू, वजन साडेसात किलो, नावाला शोभेल असाच. पहिले पंधरा दिवस मी आणि भाऊ टॉवेल घेऊन त्याच्या मागे धावायचो. माझ्या हातांवरचे ओरखडे बघून ऑफिसात लोक विचारायला लागले होते.

मी डॉक्टर नाही. डोस किती, कोणतं इन्सुलिन, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण टोचायची कला मी हाताने शिकलोय, तेवढं सांगतो.

सगळ्यात आधी धरणं बंद करा. सुई ३१ गेजची असेल तर ती केसासारखी बारीक असते, बहुतेक मांजरांना ती कळतसुद्धा नाही. त्यांना कळतं ते पकडणं. मिस्टरांना या कामातून सुट्टी द्या. वाटी एका ठरलेल्या जागी ठेवा, शक्यतो तुमच्या कमरेच्या उंचीवर, म्हणजे वाकावं लागत नाही आणि तिच्यावर सावली पडत नाही. ती खायला लागली की पाठीवरून हात फिरवा, बाजूची कातडी हलकेच चिमटीत उचला, सोडून द्या. पुन्हा उचला, सोडा. दिवसभरात इन्सुलिनची वेळ नसतानाही, जवळ येऊन बसली की हेच करत राहा, आणि प्रत्येक वेळी उकडलेल्या चिकनचा एखादा तुकडा द्या. आमचा हिशोब असा होता की दहा चिमट्यांमागे फार तर एकदा सुई. चिमटा म्हणजे सुई हे समीकरण तिच्या डोक्यातून एकदा गेलं की अर्धं काम झालं. दगडूला आठ-नऊ दिवस लागले. मधल्या काळात रोजचे दोन डोस चुकवायचे नाहीत हे ओघानं आलंच, त्यामुळे ते आठ दिवस थोडे ओढाताणीचेच जातात.

दुसरी गोष्ट आवाजाची. फ्रिजचं दार, मग सिरिंजच्या टोपीचा तो ‘टक्’ आवाज, एवढ्यावर दगडू पसार व्हायचा. मग मी तो गॅलरीत झोपलेला असताना स्वयंपाकघरात सिरिंज भरून ठेवायला लागलो. भरलेली सिरिंज दोन मिनिटं तळहातात धरली की औषधाचा गारठा जातो, गार औषध जास्त झोंबतं. बुडबुडा दिसला तर टिचकी मारून काढा. त्याने अपाय होत नाही, पण दोन युनिटच्या डोसात बुडबुडा म्हणजे बरंच औषध कमी.

आता टोचायचं कुठे. सगळे मानगुटीवर देतात, कारण कातडी तिथे सैल असते. पण तिथे रक्तपुरवठा कमी असतो आणि औषध कधी लवकर, कधी उशिरा शोषलं जातं. बरगड्यांची बाजू किंवा पोटाची बाजू बरी. आज डावीकडे, उद्या उजवीकडे, थोडं पुढे-मागे असं फिरवत राहा, म्हणजे एका जागी गाठ होत नाही. कातडी उचलली की चिमटीखाली त्रिकोणी पोकळी तयार होते. सुई त्या पोकळीत, पाठीला जवळपास समांतर, सुईचं तिरकं तोंड वर. नवीन माणूस हळूहळू टोचतो, तेच चुकतं. एका झटक्यात आत घालायची, दट्ट्या पूर्ण दाबायचा, सुई सरळ बाहेर. तुमचा हात थरथरत असेल तर आधी संत्र्यावर पाणी टोचून बघा. मी दोन संत्री खलास केली होती.

पर्शियनचं एक वेगळंच दुखणं आहे. एवढ्या केसांत सुई कातडीत गेली की नुसतीच केसांत, हे कळतच नाही. दोन्ही कुशींवर हातभर नव्हे, दोन बोटं रुंद एवढेच केस डॉक्टरांकडून मशीनने काढून घ्या. दिसायला विचित्र दिसेल, पण काम सोपं होतं.

आणि टोचून झाल्यावर त्या जागी बोट फिरवून बघा. ओलं लागलं, बोटाला दवाखान्यासारखा वास आला, तर औषध केसांत सांडलंय. अशा वेळी पुन्हा टोचायचं नाही. किती आत गेलं हे आपल्याला माहीत नसतं. पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. शुगर काही तास जास्त राहिली तर सावरता येते, खूप खाली गेली तर जीव जातो. हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. एकदा सगळं सांडलं असं वाटून मी दुसऱ्यांदा दिलं. तीन तासांनी दगडू चालताना मागच्या पायांत लटपटायला लागला, नजर कुठेतरी भलतीकडेच. हिरड्यांना मध चोळला, थोडं खायला घातलं आणि रिक्षाने दवाखाना गाठला. वाचला. तेव्हापासून मध औषधांच्या डब्यातच असतो. झटके येत असतील तर तोंडात बोट घालू नका आणि काही ओतू नका, मध बाहेरून ओठाच्या कडेने हिरडीला लावा आणि निघा.

याहून मोठी चूक सिरिंजची होऊ शकते, आणि आपल्याकडे ती सहज होते. माणसांची साधी इन्सुलिनची शिशी बऱ्याचदा ४० युनिट प्रति मिली असते, तिची सिरिंज लाल टोपीची. ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन १०० युनिटचं, त्याची सिरिंज नारिंगी टोपीची. मेडिकलवाला घाईत कुठलीही हातात देतो. १०० चं औषध ४० च्या सिरिंजमध्ये दोनच्या रेघेपर्यंत भरलंत तर आत जातात पाच युनिट. दोन आणि पाच! आमच्या फ्रिजमध्ये आईची ४० ची शिशी आणि दगडूची १०० ची, दोन्ही दारात शेजारी-शेजारी. आईने शेवटी दगडूच्या शिशीला दोरा बांधला आणि सिरिंजा वेगळ्या डब्यात ठेवल्या. तुमच्या घरी कुणाला मधुमेह असेल तर आजच हे करा. टोपीच्या रंगावर विसंबू नका, सिरिंजवर छापलेला आकडा वाचा.

शिशी हलवायची की नाही तेही औषधानुसार बदलतं. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, ते हलवावं लागत नाही. दुधाळ इन्सुलिनचं काय करायचं ते त्याच्या कागदावर वाचा किंवा विचारून घ्या.

तिने जेवण टाकलं तर नेहमीचा डोस देऊन मोकळं व्हायचं नाही, आधी डॉक्टरांना फोन. आणि कुणी ‘कोरडे दाणे बंद करा, ओलं खाणं सुरू करा’ म्हटलं (सल्ला चांगलाच आहे) तरी परस्पर बदल करू नका. पिष्ट कमी झालं की इन्सुलिनची गरज घटते, आणि जुनाच डोस मग जास्तीचा ठरतो. दगडूचं खाणं डॉक्टरांनी हळूहळू बदललं, कानाच्या कडेला टोचून घरीच शुगर बघायला शिकवलं, आणि पाचव्या महिन्यात त्याचं इन्सुलिन सुटलं. काही मांजरांचं सुटतं, सगळ्यांचं नाही. आशा धरून डोस मात्र कमी करायचा नाही.

स्पिरिटचा कापूस लागत नाही, उलट त्या वासाने ती सावध होते. सुई दर वेळी नवी घ्या. आई तिची सुई तीन-तीन दिवस वापरते आणि मी रोज ओरडतो, पण मांजराला तेवढी बोथट सुई नकोच. वापरलेल्या सुया आम्ही फिनेलच्या रिकाम्या जाड बाटलीत टाकतो आणि भरली की दवाखान्यात देतो. सुट्या सुया ओल्या कचऱ्यात टाकू नका, आमच्या सोसायटीत कचरा उचलणाऱ्या मावशींच्या बोटाला एकदा कुणाची तरी सुई लागली होती.