पट्टेरी कोंबडी, लाल कोंबडा: पहिली जोडी अशी लावा

रंगासाठी कोंबड्यांची पैदास सुरू करताय, तर एकदम निळ्या-चंदेरी रंगांच्या मागे लागू नका. आधी पट्ट्याचं, म्हणजे पिसांवर पट्टे आणणारं जनुक समजून घ्या, कारण त्याचा निकाल पिल्लू अंड्यातून निघाल्या दिवशीच दिसतो.

ऱ्होड आयलंड रेड या लाल जातीचा कोंबडा आणि बार्ड प्लायमाउथ रॉक या पट्टेरी जातीची कोंबडी अशी जोडी लावा. पिल्लं बहुतेक काळीच निघतील, पण नरांच्या डोक्यावर पांढुरका ठिपका असेल, माद्यांच्या नसेल. कारण साधं आहे. हा ठिपका म्हणजे पट्ट्याच्या जनुकाचीच खूण. पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. पट्ट्याचं जनुक झेडवर बसतं, आणि आईचा एकुलता झेड फक्त मुलग्यांना जातो. मुलींना झेड मिळतो तो बापाचा, म्हणजे बिनपट्ट्याचा.

जोडी उलटी केलीत, म्हणजे शुद्ध पट्टेरी कोंबडा आणि लाल कोंबडी, तर सगळीच पिल्लं पट्टेरी. सुंदर दिसतात, पण ठिपक्यावरून नर-मादी ओळखायची सोय गेली. आणि पहिल्या जोडीची पिल्लं आपसात लावलीत तर पुढच्या पिढीत ठिपका दोन्हीकडे येतो. म्हणून मूळ दोन्ही जाती शुद्ध सांभाळा, हे विकणारा सहसा सांगत नाही.

व्हाईट लेगहॉर्न ही पांढरी जात मात्र या खेळात नकोच. तिचा पांढरा प्रभावी असतो, काळा रंग झाकून टाकतो, मग खाली पट्टे आहेत की नाहीत ते कळणार कसं?

पायात रंगीत कडी घाला, कोणत्या जोडीचं कोण ते वहीत लिहा.