पापणीवरची गाठ आणि रांजणवाडी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पापणीच्या गाठींबद्दल आलेल्या बहुतेक प्रश्नांत एकच क्रम दिसतो. आधी मेडिकलमधून थेंब आणले, मग गोळ्या घेतल्या, आणि ज्याचा खरा उपयोग होतो तो शेक दोन दिवस देऊन सोडून दिला. म्हणून या वेळी शेकाबद्दल जरा सविस्तर लिहिलं आहे.

प्रश्न : दीड महिन्यापूर्वी उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीला रांजणवाडी झाली. दुखणं आठवड्यात थांबलं, पण वाटाण्याएवढी कडक गाठ तशीच आहे. रांजणवाडी बरी झालीच नाही का? (सातारा)

रांजणवाडी बरी झाली आहे. आता उरली आहे ती गाठ वेगळ्या प्रकारची आहे आणि तिचा उपचारही वेगळा आहे.

पापणीच्या केसांच्या मुळाशी बारीक तैलग्रंथी असतात. त्यात किंवा शेजारच्या घामाच्या ग्रंथीत जंतू, बहुधा स्टॅफिलोकॉकस, शिरले की कडेवर लाल, ठणकणारा फोड येतो. तीन-चार दिवसांत त्याला पिवळं तोंड येतं, पू निघून जातो आणि आठवडा-दोन आठवड्यांत तो बसतो. ही रांजणवाडी. याखेरीज पापणीच्या आतल्या कडक पट्टीत मायबोमियन नावाच्या लांबट तैलग्रंथी उभ्या ओळीत असतात. वरच्या पापणीत साधारण तीस ते चाळीस, खालच्या पापणीत वीस ते तीस. त्यांची तोंडं केसांच्या मागे, पापणीच्या कडेवर उघडतात. प्रत्येक उघडझापीला त्यांतून थोडं तेल अश्रूंवर पसरतं आणि अश्रू लवकर सुकत नाहीत.

यातलं एखादं तोंड बुजलं की आत तेल साचतं, ग्रंथी फुटून ते आजूबाजूच्या मांसात झिरपतं, आणि शरीर त्याला परकं समजून त्याभोवती सूज धरतं. ही गाठ म्हणजे कलेझिऑन. तिच्यात जंतू नसतात. म्हणून ती दुखत नाही, आणि म्हणूनच अँटिबायोटिकने विरघळत नाही. कधी जंतू या आतल्या ग्रंथीतही शिरतात आणि तिथे रांजणवाडी होते. तुम्हाला तशीच झाली असावी आणि जंतू गेल्यावर हे तेल मागे राहिलं असावं. दीड महिना हा फार काळ नाही. पुढच्या उत्तरातला शेक महिनाभर नेटाने द्या.

आणखी एक : वरच्या पापणीची मोठी गाठ बुबुळावर दाब देते आणि चष्म्याचा सिलिंड्रिकल (तिरका) नंबर बदललेला दाखवते. गाठ असताना नवा चष्मा करू नका. गाठ गेल्यावर काही आठवड्यांनी नंबर तपासा.

प्रश्न : शेक द्या असं सगळेच डॉक्टर सांगतात, पण कसा, किती वेळ, कशाने? मी रुमाल तव्यावर गरम करून ठेवते, काही फरक पडत नाही. (पुणे)

फरक न पडण्याची कारणं बहुधा दोन. कोरडा रुमाल अर्ध्या मिनिटात निवतो, आणि बहुतेकजण तो दोन-तीन मिनिटांवर ठेवत नाहीत. बुजलेल्या ग्रंथीतलं तेल हिवाळ्यातल्या तुपासारखं थिजलेलं असतं. ते पातळ व्हायला उष्णता पापणीच्या आतपर्यंत पोचावी लागते आणि तिथे काही मिनिटं टिकावी लागते.

पाणी साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास हवं. थर्मामीटर नसेल तर एक वाटी उकळतं पाणी तीन वाट्या नळाच्या पाण्यात मिसळा. उन्हाळ्यात टाकीचं पाणीच तापलेलं असतं, तेव्हा गार पाणी थोडं जास्त घाला. मग मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. सुखद ऊब वाटली पाहिजे, हात मागे घ्यावासा वाटला तर ते पाणी डोळ्यासाठी जास्त गरम आहे. पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ असते, ती चटकन भाजते.

हात साबणाने धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स काढा. स्वच्छ सुती रुमालाची चार पदरी घडी पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि डोळा मिटून त्यावर ठेवा. दर दोन मिनिटांनी पुन्हा बुडवा, कारण तेवढ्या वेळात तो निवतोच. पातेलं जाड बुडाचं घ्या आणि झाकण ठेवा, म्हणजे मध्येच पाणी गरम करायला उठावं लागत नाही. एका वेळी दहा मिनिटं, दिवसातून तीन ते चार वेळा. दोन वेळा जमत असेल तर दोनच, पण रोज.

शेक संपल्याबरोबर, तेल पुन्हा थिजायच्या आत, मसाज करा. डोळा मिटलेला ठेवून बोटाच्या मऊ भागाने गाठीपासून केसांच्या दिशेने हलका दाब देत सरकवा. म्हणजे वरच्या पापणीवर वरून खाली आणि खालच्या पापणीवर खालून वर. दहा-पंधरा वेळा पुरे. गोल गोल चोळू नका आणि डोळ्याच्या गोलावर दाब देऊ नका. रांजणवाडी लाल आणि ठणकती असेल तर मसाज अजिबात नको, नुसता शेक.

उकडलेलं अंडं किंवा तव्यावर तापवलेल्या तांदळाची पुरचुंडी वापरणारे आहेत. दोन्हींची उष्णता जास्त वेळ टिकते हे खरं, पण ती वरून नेमकी कळत नाही आणि पापण्या भाजतात. पातेल्यावर वाकून वाफ घेणं तर टाळाच. आणि दोन डोळ्यांना दोन रुमाल वापरा, ते रोज गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा.

प्रश्न : आमच्याकडे खारकेची बी किंवा लवंग उगाळून लावतात. काही अपाय? (बीड)

आहे. उगाळलेल्या लेपाने बरं वाटलं असं अनेकांना वाटतं, कारण रांजणवाडी आठवडाभरात आपोआपच बसते आणि श्रेय लेपाला मिळतं. अपाय मात्र खरे आहेत. लवंगेतलं तेल बुबुळाला लागलं तर त्यावरचा पातळ थर सोलवटतो, डोळा उघडता येत नाही. सहाण आणि पाणी स्वच्छ नसेल तर उघड्या फोडात नवे जंतू जातात. काजळाचंही तसंच. त्याचे कण ग्रंथींची तोंडं बुजवतात, आणि एकच डबी घरभर फिरत असेल तर जंतूही फिरतात. गाठ असेपर्यंत काजळ, आयलायनर, मस्कारा बंद. जुने टाकून द्या.

फोड सुईने फोडू नका, पिळू नका. पिळल्यावर पू बाहेर येण्याऐवजी आत पसरू शकतो.

मेडिकलमधून विचारून आणलेल्या थेंबांबद्दल जास्त काळजी वाटते. ‘लाल डोळ्यासाठी’ म्हणून दिलेल्या अनेक थेंबांत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून माणूस तीच बाटली पुन्हा पुन्हा आणतो. महिनोन् महिने वापरल्यास डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घालू नका.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीला वर्षभरात चार वेळा गाठी आल्या, कधी या डोळ्याला, कधी त्या. रक्तात दोष आहे का? (नाशिक)

रक्तात दोष शोधत बसू नका. पापणीच्या कडेकडे बघा. केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे दिसत असतील तर कडेची सूज, म्हणजे ब्लेफरायटिस आहे, आणि गाठी तिथूनच येतात. रोज झोपताना शेक दिल्यावर कड स्वच्छ करा. उकळून कोमट केलेल्या अर्ध्या कप पाण्यात बेबी शाम्पूचे तीन-चार थेंब घाला, कापसाची काडी त्यात भिजवून पिळा आणि डोळा मिटलेला असताना केसांच्या मुळाशी आडवी फिरवा. प्रत्येक डोळ्याला नवी काडी. नंतर साध्या पाण्याने पुसा. हे दोन-तीन महिने चालू ठेवावं लागतं. गाठ गेली की बंद केलं तर ती परत येते.

मुलगी डोळे चोळते का तेही बघा. ॲलर्जीने खाज येणारी मुलं आणि चष्म्याची गरज असून चष्मा नसलेली मुलं डोळे फार चोळतात. थेंब घालून केलेली नंबरची तपासणी एकदा करून घ्या. मोठ्यांना अशा वेळी डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या काही आठवडे देतात. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्या चालत नाहीत, त्यामुळे घरातल्या कुणाच्या उरलेल्या गोळ्या मुलीला देऊ नका. चाळिशीपुढच्या माणसाला वारंवार रांजणवाड्या येत असतील तर रक्तातली साखर तपासावी.

एक परिस्थिती थांबण्याची नाही. पूर्ण पापणी लाल होऊन डोळा उघडत नाही, ताप आहे, डोळा पुढे आल्यासारखा वाटतो, हलवताना दुखतो किंवा एकाचे दोन दिसतात, असं झालं तर संसर्ग पापणीमागे गेलेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा, रात्र असली तरी.

प्रश्न : तीन महिने शेक दिला, गाठ तशीच आहे. ऑपरेशन सांगितलं आहे. डोळ्यात सुरी म्हटल्यावर भीती वाटते. इंजेक्शनने जात नाही का? (ठाणे)

सुरी डोळ्यात जात नाही, पापणीच्या आतल्या बाजूला जाते. थेंबांनी डोळा बधिर करून पापणीत लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन देतात. दुखतं ते एवढंच, काही सेकंद. मग गोल कडीच्या चिमट्याने पापणी धरून उलटवतात. चिमट्यामुळे रक्तस्राव कमी होतो आणि त्याची पाठ डोळ्याच्या गोलाला आड राहते. छेद उभा घेतात, कारण ग्रंथी उभ्या असतात आणि आडवा छेद शेजारच्या चांगल्या ग्रंथी कापतो. आतला बुळबुळीत माल छोट्या चमच्याने खरवडून काढतात. या गाठीला स्वतःचं अस्तर नसतं, त्यामुळे पिशवी सोलून काढावी लागत नाही. टाके नाहीत, बाहेर व्रण नाही. दहा-पंधरा मिनिटांचं काम.

मलम लावून काही तास पट्टी ठेवतात. पट्टी असताना गाडी चालवू नका, कुणालातरी सोबत न्या. दुसऱ्या दिवशी पापणी सुजलेली, निळसर दिसेल आणि अश्रूत रक्ताची छटा असेल, ते अपेक्षित आहे. आठवडाभर पोहणं आणि डोळ्यांचा मेकअप नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. लहान मुलं स्थिर राहत नाहीत, त्यांना पूर्ण भूल लागते.

इंजेक्शनचा पर्याय खरा आहे. ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड एक-दोन दशांश मिलिलिटर गाठीत देतात आणि लागल्यास काही आठवड्यांनी पुन्हा. अश्रुनलिकेच्या तोंडाजवळ गाठ असेल तर सुरीपेक्षा तेच बरं, कारण नलिकेला धक्का लागत नाही. तोटा असा की औषध कातडीखाली पसरलं तर तिथे पांढरा डाग पडू शकतो, आणि आपल्या सावळ्या वर्णावर तो उठून दिसतो. म्हणून शक्यतो ते आतल्या बाजूने देतात. तीन महिन्यांची कडक गाठ असेल तर आमचा कल ऑपरेशनकडे आहे.

प्रश्न : आईचं वय ६४. एकाच जागी दोनदा गाठ काढली, तिसऱ्यांदा आली आहे. तिथले केसही गळाले आहेत. पुन्हा तेच ऑपरेशन करायचं का? (कोल्हापूर)

नाही. या वेळी गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. वयस्क माणसात त्याच जागी परत येणारी गाठ, त्यावरचे गळालेले केस, जाड झालेली किंवा खरचटल्यासारखी कड, एकाच डोळ्याची न जाणारी लाली, या सगळ्या तैलग्रंथीच्या कर्करोगाच्या खुणा आहेत. भारतात पापणीच्या कर्करोगांत त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि तो कलेझिऑनचं रूप घेऊन फसवतो. आधीच्या दोन वेळी काढलेला माल पॅथॉलॉजीला पाठवला होता का, विचारा. अहवाल असतील तर सोबत न्या.

ऑक्युलोप्लास्टी, म्हणजे पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या नेत्रतज्ज्ञांना दाखवा. ते पापणीच्या पूर्ण जाडीचा तुकडा घेतील आणि कानापुढच्या व जबड्याखालच्या गाठी चाचपतील. हा कर्करोग लवकर सापडला तर आजूबाजूच्या निरोगी कडेसह काढून पापणी पुन्हा बांधता येते. उशीर झाला तर डोळा वाचवणं अवघड होतं. आईंना कर्करोग आहेच असं नाही, पण तो नाही हे तुकडा तपासल्यावरच कळेल. या आठवड्यात वेळ घ्या.

प्रश्न : खालच्या पापणीच्या कडेला पाण्याच्या थेंबासारखा पारदर्शक फुगा आहे. दुखत नाही. (पणजी)

घामाच्या ग्रंथीची, मोलची गाठ असावी. निरुपद्रवी आहे, शेकाने जात नाही. टोचल्यावर पाणी निघतं आणि फुगा पुन्हा भरतो, म्हणून काढायचाच तर भिंतीसकट काढतात.

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं आहे. जन्मापासून भुवईच्या बाहेरच्या टोकाला गोल, घट्ट गाठ आहे. मसाज करू का? (नागपूर)

करू नका. हे वर्णन डर्मॉइड सिस्टचं आहे. गर्भात हाडांच्या सांध्याशी कातडीचा अंश अडकून ती बनते. दाबून किंवा धक्क्याने फुटली तर आतल्या मालाने तीव्र सूज येते. कधी ती हाडातून आत गेलेली असते, म्हणून कडा नीट लागत नसतील तर आधी स्कॅन करतात. मूल चालू-धावू लागून पडण्याआधी किंवा त्या सुमारास ती अखंड काढणं चांगलं.

प्रश्न : डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाल गाठ आली. सोनोग्राफीत ‘जंताची गाठ’ निघाली. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. हे कसं शक्य आहे? (सोलापूर)

पूर्ण शक्य आहे. ही सिस्टिसर्कोसिस, डुकरातल्या फीतकृमीच्या अळीची गाठ. अर्धवट शिजलेलं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो, आणि त्याची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. डोळ्यात गाठ होते ती ही अंडी पोटात गेल्याने. सांडपाण्यावरची कोथिंबीर, मुळा, न धुतलेलं सॅलड, किंवा स्वयंपाक करणाऱ्याचे न धुतलेले हात, यांतून ती कुणाच्याही पोटात जातात. सोनोग्राफीत गाठीच्या आत चमकदार ठिपका दिसतो, ते अळीचं डोकं.

उपचार साधा वाटतो पण क्रम चुकता कामा नये. आल्बेंडाझोल वजनाच्या दर किलोला रोज १५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, जेवणाबरोबर, साधारण चार आठवडे, आणि सोबत उतरत्या मात्रेत स्टेरॉइड. मरणारी अळी भोवती सूज आणते म्हणून स्टेरॉइड लागतं. त्याआधी मेंदूचा एमआरआय आणि डोळ्याच्या आतली तपासणी झालीच पाहिजे. मेंदूत गाठी असतील तर औषध सुरू होताच फिट येऊ शकते. अळी डोळ्याच्या आत असेल तर आधी शस्त्रक्रियेने ती बाहेर काढतात, गोळ्या देत नाहीत. जंताची गोळी आपण वर्षातून एकदा घेतोच, असं म्हणून ही स्वतःहून सुरू करू नका. घरातल्या सगळ्यांची आणि स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंची शौच तपासणी करून घ्या. पालेभाज्या वाहत्या पाण्यात पान-पान सुटं करून धुवा, आणि उपचार संपेपर्यंत कच्च्या खाऊ नका.