कॉलेजच्या वाय-फायवरून स्क्रिप्ट लावून हजारो रिसर्च पेपर उतरवले तर काय होईल?

स्क्रिप्ट नका लावू, बाप्पा. स्वतःच्या संशोधनापुरत्या रास्त वापराला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मोकळीक देतं. पण रात्रभर हजारो फायली ओढल्या की कॉलेजने प्रकाशकाशी केलेला करार मोडतो, आणि फटका सगळ्यांना बसतो. इथे नागपुरात आमच्या एका पठ्ठ्याने हेच केलं. प्रकाशकाने कॉलेजचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ताच, बंद केला. मे महिना, थिसिस तोंडावर, आणि बाकीचे लायब्ररीत कूलरसमोर हात चोळत बसलेले!

अमेरिकेत ॲरन स्वार्ट्झ या प्रोग्रामरने एमआयटी विद्यापीठाच्या नेटवर्कवरून जेस्टोर या ऑनलाइन लायब्ररीतले लाखो लेख उतरवले. २०११ मध्ये अटक झाली. जेस्टोरने तडजोड केली, सरकारी वकिलांनी मात्र सोडलं नाही. पुढे आरोप १३ वर गेले. खटला सुरू होण्याआधीच, जानेवारी २०१३ मध्ये, २६ वर्षांच्या त्या पोराने जीव दिला. माझ्या मते तो खटला अतिरेकच होता. लोकांच्या करातून झालेलं संशोधन लोकांनाच कुलूपबंद का, हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता.

तुमचं कॉलेज सरकारी असेल तर आधी लायब्रेरियनला ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या जर्नल-योजनेबद्दल विचारा. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स त्यात आहेत. तिथेही नाही मिळालं तर लेखकालाच मेल टाका, बरेचदा पीडीएफ पाठवतात.