आधी जोड बघ

प्रिय बेटा,

पोळ्याला आलीस तेव्हा ओसरीवर बसून तू मोबाईलवर जेलचा, म्हणजे प्रोटीनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या चाचणीचा, फोटो दाखवलास. 54 किलोडाल्टन वजनाला एकच स्वच्छ बँड, म्हणजे पट्टा. "सर, कॅम कायनेज टू तर शुद्ध आहे, मग एक दिवस 286 वर फॉस्फेट बसतं, दुसऱ्या दिवशी बसत नाही, असं कसं?" तुझं हे प्रोटीन मेंदूतलं, आठवणीशी जोडलेलं, फॉस्फेट बसवणारं; 286 ही त्याच्या साखळीतली एक जागा. बैल सजवायच्या गडबडीत मी धड उत्तर दिलं नाही. मग रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

अगं, त्या जेलमध्ये एसडीएस हे डिटर्जंट होतं ना? ते जोड, म्हणजे सबयुनिटांची एकत्र बांधणी, उसवूनच टाकतं. प्रोटीनचे बारा भाग, म्हणजे सबयुनिट, एकत्र असोत, सुटे असोत, की त्यांचा गोळा झालेला असो, बँड तिथंच येणार. आरे, म्हणजे सबयुनिट, साबूत आहेत एवढंच तो फोटो सांगतो. त्यांचं जुळलेलं चाक आहे का, ते नाही. आधी जोड बघ.

तुझ्या घरच्या बंडीचं जुनं चाक गोठ्यामागे पडलंय. जाऊन एक आरा ओढून पाहा. हलत नाही, कारण वरून लोखंडी धावेनं आवळलेलं आहे. तुझ्या प्रोटीनला धाव नाही. सहा-सहाची दोन कडी एकावर एक, त्या मधल्या गड्ड्यावरच सगळी भिस्त, आणि कायनेजची टोकं बाहेर लोंबतात. 286 व्या जागेवरच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट शेजारचा सबयुनिट बसवतो. शेजारच मोडला तर कोण बसवणार? 1998 मध्ये उंदरांमधला तेवढा एक थ्रिओनिन बदलला, तर त्यांना जागा लक्षात ठेवणं जड गेलं. एका जागेचा हा प्रताप, आणि तू जोड न बघता बफर बदलत बसली आहेस!

डीएनएची रचना उलगडणाऱ्या फ्रान्सिस क्रिकने 1984 मध्येच विचारलं होतं: प्रोटीनं झिजून बदलतात, मग आठवण वर्षानुवर्षं टिकते कशी? त्याचा अंदाज होता की सबयुनिट एकेक बदलतात आणि जुना नव्याला आपली खूण देतो. 2014 मध्ये एका गटाला सक्रिय झालेले जोड सबयुनिटांची अदलाबदल करताना दिसले. 2023 मध्ये दुसरा गट म्हणाला, अदलाबदल नाही, एक अख्खा जोड दुसऱ्यावर फॉस्फेट बसवतो. दोघं भांडले ते जोडावरून.

माझी दोन वर्षं यातच गेली. तेच सँपल मी पुन्हा पुन्हा गोठवत-वितळवत राहिलो. बँड देखणा होता, म्हणून निश्चिंत होतो. शेवटी आकारानुसार वेगळं करणाऱ्या कॉलममधून पाठवलं, त्यात मोठं आधी बाहेर येतं, तर सगळं सुरुवातीलाच बाहेर पडलं, नुसता गोळा. गाईड म्हणाले, आकृती तयार आहे, छापून टाकू. मी सही केली नाही. त्यानंतर त्या लॅबमध्ये टिकलो नाही, इथं कापसात आलो. गावात अजून म्हणतात, एवढं शिकून वखर हाकतो. म्हणू देत. ती सही मी आजही करणार नाही.

तू गाईडला घाबरतेस, ते दिसलं मला. कॉलमला अर्धा दिवस जातो म्हणून ते नाही म्हणतात? मग रात्री लाव. प्रत्येक वितळवलेली नळी, प्रत्येक वेळी. छोट्या नळ्यांत वाटून ठेव, एकदा उघडलेली परत गोठवू नकोस. आणि फॉस्फेट बसलेल्या दिवसाची नळी न बसलेल्या दिवसाच्या नळीशेजारी चालव, एकटी नको.

सुपरोज 6 या कॉलमवर शिखर कुठं आलं ते कळव. रात्री नऊनंतर फोन कर, दिवसा मी वावरात असतो, तिथं रेंज नसते.

तुझा,
सर