वेर नदीवर यायच्या आधी

अगं, तुझा मेसेज वाचला, नदीसाठी काहीतरी करायचंय पण सुरुवात कुठून करू असं विचारलंस, फार बरं वाटलं बघ. मी इंग्लंडात सेंट ऑल्बन्सला राहते, वेर नदी घरापासून चालत दहा मिनिटांवर, म्हणून तिचंच सांगते.

ही नदी आपल्याकडच्यासारखी पाऊस पडला की लगेच फुगत नाही. खाली चॉक आहे, खडूसारखा पांढरा मऊ दगड, हिवाळ्यातला पाऊस त्यात मुरतो आणि हळूहळू झऱ्यांतून वर येतो, म्हणून पाणी एकदम नितळ आणि झऱ्यापाशी बाराही महिने साधारण १०-११ डिग्री. अशा नद्या जगात दोनशेच्या आसपास, त्यातल्या बहुतेक इंग्लंडात. उन्हाळ्यात कितीही पडला तरी ते पाणी झाडंच पितात, खाली फारसं पोचतच नाही. आणि इथल्या नळाचं पाणी त्याच चॉकमधून उपसतात! बीड-लातूरच्या माणसाला हे समजवायला नको, शेजाऱ्याची बोअर खोल गेली की आपली विहीर आटते. वेरचं तेच झालं, वरचं पात्र कोरडं पडायचं, इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, शेवटी १९९३ ला नळासाठी पाणी उपसणारा फ्रायर्स वॉशचा पंप बंद झाला आणि पाणी परत आलं. म्हणून म्हणते, कचरा उचलायला जरूर ये, पण पाणी कुठून येतं ते आधी समजून घे.

मग किक सॅम्पलिंग शिक, म्हणजे तळाचे बारीक जीव मोजून नदीची तब्येत बघायची. पायाने तळ ३ मिनिटं ढवळायचा, जाळीत आलेलं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि गप्प बसून बघायचं. आधी नुसता गाळ दिसतो, मग तो हलायला लागतो, इवल्याशा कोळंब्या आडव्या होऊन पळतात, मेफ्लायचं, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या एका उडत्या किड्याचं, पिल्लू दिसलं तर त्याच्या पोटाच्या कडेचे पिसासारखे कल्ले सारखे थरथरत असतात. ते पिल्लू दोनेक वर्षं तळाशी राहतं आणि पंख फुटल्यावर जेमतेम दिवसभर जगतं, खाता येईल असं तोंडसुद्धा नसतं गं त्याला. अशा जिवांचे ८ गट मोजायचे, दर महिन्याला, आकडा ठरलेल्या पातळीखाली गेला की एन्व्हायर्न्मेंट एजन्सीला, म्हणजे इथल्या सरकारी पर्यावरण खात्याला, कळवायचं. फेब्रुवारीत बोटं बधिर होतात, तरी महिना चुकवू नकोस, मधला एक आकडा नसला की बिघाड कधी झाला तेच कळत नाही.

येताना बूट आणि जाळी धुऊन पूर्ण वाळवून आण. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला नांग्यांचा, छोट्या लॉब्स्टरसारखा जीव; बाहेरून आलेल्या अमेरिकन सिग्नल क्रेफिशचा रोग ओल्या सामानातूनही पसरतो आणि इथल्या पांढऱ्या नांगीच्या क्रेफिशला तो झेपत नाही.

— काकू