डोळे मिटले तरी काही दिसत नाही, मग मनात धावायचं कसं?

धावणाऱ्या मंडळींकडून हा प्रश्न मला वरचेवर येतो. कोच सांगतात, "रोज रात्री डोळे मिटा आणि स्वतःला नीट धावताना बघा." माणूस बिचारा गादीवर पडून डोळे मिटतो. समोर काळोख, नाहीतर उद्याच्या डब्याची काळजी. आठवडाभरात तो ठरवून टाकतो की हे आपल्याला जमणारं नाही.

सुजाताताई (नाव बदललं आहे) नेरूळला माझ्याकडे आल्या त्या हेच ठरवून. वय ४५, एका सहकारी बँकेत कॅशियर. एरवी सकाळी ज्वेल ऑफ नवी मुंबई या उद्यानात, रविवारी ग्रुपबरोबर पाम बीच रोडला धावायच्या. पहिल्या हाफ मॅरेथॉनची तयारी सुरू होती आणि उजवा गुडघा दुखायला लागला. ऑर्थोपेडिकला दाखवून झालं होतं, सांध्यात बिघाड नव्हता. हे मी प्रत्येकाला आधी विचारते, कारण दुखणं कल्पनेनं घालवायच्या फंदात कुणी पडू नये.

फिजिओनं त्यांचा व्हिडिओ काढून दाखवला होता. पाऊल अंगाच्या फार पुढे पडत होतं, गुडघा जवळजवळ ताठ आणि टाच दाणकन आपटत होती. उपाय सोपा होता: पावलं आखूड टाका, पटपट टाका. मिनिटाला १५८ पडत होती, ती १६६ च्या आसपास न्यायची. एवढ्या वाढीनंही गुडघ्यावरचा भार हलका होतो, हे विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं आहे. ग्रुपवर १८० हा आकडा मंत्रासारखा फिरत असतो. तो १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमधल्या धावपटूंची पावलं मोजून आला. बँकेत दिवसभर बसून काम करणाऱ्या बाईंनी तो उरावर घ्यायचं काही कारण नाही.

"मॅडम, एक तर काही दिसत नाही, आणि दिसलंच तर तो व्हिडिओ दिसतो. टाच आपटतेय, आपटतेय," त्या म्हणाल्या. धावतानाही मनात चालू असायचं, 'टाच नको, टाच नको.' असं घोकलं की मन नेमकं टाचेपाशीच जाऊन बसतं.

मी धावण्याचा विषयच बाजूला ठेवला. म्हटलं, "ताई, डोळे मिटा. शंभराच्या नोटांचं बंडल हातात आहे. मोजा."

त्यांचे हात मांडीवर होते. काही क्षणांत उजवा अंगठा हलला, अगदी बारीक, तर्जनीवर घासल्यासारखा. मध्येच बोट किंचित उचललं गेलं.

"आत्ता काय केलंत?"

"स्पंजला बोट लावलं." आणि मग त्याच हसल्या. "अहो, नोटा काही दिसल्या नाहीत. पण बोटांना कळत होतं."

मला हवं होतं ते हेच. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९३० च्या सुमाराला तारा लावून तपासलं होतं: माणसानं हात वाकवायची नुसती कल्पना केली तरी त्याच हाताच्या स्नायूंत विजेची सूक्ष्म हालचाल नोंदली जाते. कल्पना म्हणजे डोक्यातला टीव्ही, हा समज मनातून काढा. काही लोकांना चित्र जन्मापासूनच दिसत नाही, आणि तरी त्यांचं काही अडत नाही. धावण्याची ढब सुधारायची तर अंगाला काय वाटतं तेच जास्त उपयोगी, असं माझं मत आहे. फिनिश लाइन ओलांडतानाचं, गळ्यातल्या मेडलचं चित्र उमेद देईल, पण पाऊल कुठे टाकायचं ते त्यातून कळणार नाही.

मग गादीवर पडून करणं बंद केलं. पुढच्या वेळी त्या धावायचे बूट घेऊन आल्या. लेस बांधून उभ्या राहिल्या, मोबाइलवर १६६ चा ठोका लावला आणि जागच्या जागी पावलं टाकली. मी थांबवलं, "आता हलू नका. पायात काय उरलंय?" त्या म्हणाल्या, "पाऊल कमरेखालीच पडतंय. आवाज कमी होतोय." हे शब्द त्यांचे होते, म्हणून तेच ठेवले. 'टाच नको'च्या जागी आलं 'कमरेखाली, हलकं.'

ठोका बंद करून उभ्या उभ्या मनात शंभर पावलं टाकायला सांगितली आणि घड्याळ लावलं. त्या वेगानं शंभर पावलांना साधारण ३६ सेकंद लागायला हवेत. ताईंनी १५ सेकंदांत हात वर केला. बहुतेकांचं असंच होतं. मन पायांना मागे टाकून शंभरावर जाऊन उभं राहतं. वेळ जुळेपर्यंत करायचं. ती जुळायला लागली की समजावं, आता पावलं खरंच टाकली जाताहेत.

घरचा अभ्यास दोन-तीन मिनिटांचाच दिला: धावायला निघताना, बूट घालून, दारातच. नुसतं मनात धावून भागतं का, असंही लोक विचारतात. नाही भागत. असे बरेच प्रयोग एकत्र तपासणारा १९९४ चा एक आढावा आहे. त्यात मनातल्या सरावाचा फायदा दिसला, पण प्रत्यक्ष सरावापेक्षा कमी. म्हणून तो धावण्याला जोडून करायचा, धावण्याऐवजी नाही.

गुडघा आता कुरकुरत नाही, त्यात फिजिओनं दिलेल्या व्यायामाचा वाटा मोठा आहे. पावलं छोट्या धावेत १६५ च्या आसपास राहतात. अडचण लांबच्या धावेत येते. रविवारी बारा-तेरा किलोमीटर झाले, घामानं कपडे चिकटले की जुनी टाच परत येते. त्यामुळे सध्या आम्ही ताजंतवानं धावणं सोडून तेवढाच तुकडा मनात घेतोय. पाम बीचचं ऊन, जड झालेल्या मांड्या, पुढे निघून गेलेला ग्रुप, हे सगळं आधी अंगावर आणायचं, आणि मग त्या थकलेल्या पायांनी कमरेखाली, हलकं, अशी शंभर पावलं टाकायची.