उंची एकदाच चढायची

प्रिय,

रात्री पाऊणला आलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. हिवाळ्यात श्टुटगार्टहून ऑस्ट्रियातल्या लेख गावी स्कीला गाडीनं कसं जायचं, याचे चार जणांनी चार रस्ते सांगितले, पाचवा नकाशानं दाखवला, आणि आता तू म्हणतोस, काका, तुम्हीच ठरवा.

आधी नकाशाचा रस्ता खोडू. फ्युसेन, रॉयटे, पुढे लेख नदीच्या काठानं वार्थ. तिथून लेख गाव हाकेच्या अंतरावर. तू बघितलंस ऑक्टोबरात, तेव्हा तो रस्ता चालू होता. हिवाळ्यात वार्थ ते लेख हा तुकडा हिमस्खलनाच्या धोक्यामुळे बंद असतो. २०१३पासून दोन्हींची स्की-मैदानं गोंडोल्यानं, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या डब्यांनी, जोडली आहेत खरी, पण गोंडोल्यात गाडी बसत नाही. पावसाळ्यात भोरहून महाडला निघताना तुझे बाबा आधी विचारतात ना, वरंधा घाट चालू आहे का? मग इथंच तुम्हा मुलांना विचारायला काय होतं?

बाकीच्या चारांत खरे रस्ते दोनच. श्टुटगार्टहून उल्म आणि मेमिंगेनपर्यंत दोन्ही एकच. पुढे पहिला ए-७ महामार्गानं सरळ फ्युसेनकडे जातो. मग फर्नपास ही खिंड, इम्स्ट, लांडेक, शेवटी आर्लबर्ग खिंड. दुसरा ए-९६नं लिंडाऊ, ब्रेगेन्झ, ब्लुडेन्झ, लांगेन. तुझे मित्र फर्नपासचं कौतुक करतात, कारण तिकडचे फोटो छान येतात. पण नीट बघ: फर्नपासला बाराशे मीटरच्या वर चढायचं, इम्स्टच्या बाजूला उतरायचं आणि आर्लबर्गसाठी पुन्हा चढायचं. शिवाय शनिवारी हॉटेलांत पाहुणे बदलतात, आणि त्या अरुंद रस्त्यावर निम्मा जर्मनी उभा असतो. तुंबलं की बाजूच्या गावांतून निसटू म्हणशील, तर हिवाळी शनिवार-रविवारी टिरोल या ऑस्ट्रियाच्या प्रांतातले असे बरेच आडरस्ते परगावी जाणाऱ्यांना बंद करतात.

माझं म्हणणं एकच: उंची एकदाच चढायची, आणि ती शेवटी. दुसऱ्या रस्त्यावर ब्लुडेन्झपर्यंत खोऱ्यातला महामार्ग आहे. तिथं थांब, चहा घे, वरचा रस्ता चालू आहे का ते बघ. मग लांगेनला एस-१६ हा महामार्ग सोड, म्हणजे आर्लबर्ग बोगद्याच्या आधीच. बोगद्याचा वेगळा टोल वाचतो. व्हिन्येट, म्हणजे महामार्गाचं टोल-स्टिकर, मात्र लागतंच. पुढे आल्पे राउझ, फ्लेक्सनपास, त्स्यूर्स, लेख. फ्लेक्सन १,७७३ मीटरवर आहे, बराचसा बर्फ अडवणाऱ्या छपरांखालून जातो, आणि हिमस्खलनाचा धोका वाढला की तोही बंद करतात. तेव्हा वर जायला रस्ता उरत नाही. पण तू कुठल्यातरी खिंडीत अडकलेला नसतोस, ब्लुडेन्झला असतोस. तिथं खोली मिळते, जेवण मिळतं.

माझी बायको म्हणेल, यांचं ऐकू नकोस. मुलं लहान असताना मी ब्लुडेन्झहून गाडी परत फिरवली होती. त्या वर्षी सुट्टी तिथंच संपली, आणि धाकटी अजून ते ऐकवते. तिला बर्फातला माणूस करायचा होता, तो राहिला, याची मला हळहळ आहे. निर्णयाची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता उघडला म्हणून मी चुकलो, हे गणित मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. रस्ता बंद करणारी माणसं डोंगर बघून ठरवतात, आपण हॉटेलचं बुकिंग बघून.

बरं, रागावू नकोस. तू विचारलंस हेच खूप. बाकीचे वरून फोन करतात.

भाड्याची गाडी घेतोयस, तर ताब्यात घेतानाच टायर बघ. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह हवं. १ ऑक्टोबर २०२४पासून जर्मनीत बर्फाच्या रस्त्यावर टायरवर नुसतं ‘एम+एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं चालत नाही. ऑस्ट्रियात हिवाळी टायरची खाच किमान ४ मिलिमीटर लागते; नाणं खुपसून अंदाज करू नकोस, मोजून घे. साखळ्या वेगळ्या मागून घे आणि घराखालीच एकदा चढवून बघ, हातमोजे घालून. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर साखळ्या पुढच्या चाकांना. त्या लावल्यावर ताशी ५०च्या वर जायचं नाही.

आणि शनिवार टाळ. शुक्रवारी रजा मिळत नसेल तर रविवारी निघ, एक दिवस कमी स्की कर. तेही जमत नसेल तर गाडी ठेव घरी: लांगेनला रेल्वे स्टेशन आहे, तिथून लेखला बस जाते. उंची एकदाच, तीही दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग देऊन. खरं तर मला हेच जास्त पसंत आहे, पण तू गाडीचंच विचारलंस.

टायरवरच्या चिन्हाचा फोटो पाठव. गाडीचा नको.

तुझा,
काका